नाटकाच्या खोलीत नव्याने येणाऱ्यांसाठी

जून लागला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची रांग लागते आणि छत्र्यांपलीकडे आठवीत नव्याने आलेली मुलं उभी असतात. गाणं, चित्र, नाच आणि नाटक यांना ही शाळा वेळापत्रकात पक्की जागा देते, म्हणून कुणी दोन एसट्या बदलून येतं, कुणी मामाकडे राहून शिकतं. पहिल्या आठवड्यातला प्रश्न ठरलेला असतो, "बाई, माका नाटकात घेशात?" त्याच्या मागे न विचारलेला दुसरा प्रश्न असतो, की इथे माझं कोण आहे? मी मराठी शिकवते आणि नाटकाची खोली सांभाळते. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच वाटेने मिळतात, असं मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. ती वाट इथे क्रमाने सांगते. सांगणं सिंधुदुर्गातल्या शाळेचं आहे. रत्नागिरी-रायगडकडच्या मुलांनी आपल्या गावाप्रमाणे फेरफार करून घ्यावा.

पहिले पंधरा दिवस

नाटकाची खोली शाळेच्या मागच्या अंगाला आहे, पत्र्याच्या छपराची. चपला बाहेर काढायच्या. दारामागे एक तक्ता लावलेला आहे, त्यात आधी नाव लिहा. नाव, गाव, उतरायचा थांबा, शेवटच्या एसटीची वेळ आणि घरचा फोन. कोण कधी निघणार हे ठाऊक असल्याशिवाय आमच्याकडे तालीम सुरू होत नाही. वस्तीची गाडी चुकली तर पावसाळ्याच्या रात्री सात-आठ किलोमीटर चालायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी घरचे नाटक बंद करतात. त्यात घरच्यांची चूक नसते.

तालमीआधी खोली झाडायची पाळी असते. नवीन मुलांची पाळी पहिल्याच आठवड्यात येते आणि सोबत नववीतला एखादा दादा किंवा ताई असते. हे मुद्दाम ठरवलेलं आहे. झाडताना बोलणं सुरू होतं. कुठला तू, तुमच्याकडे जत्रा कधी, अमक्याच्या आतेभावाला ओळखतोस का? कोकणात दोन माणसं दहा मिनिटं बोलली की कुठेतरी नातं निघतंच.

या पंधरा दिवसांत कुणी पार्ट देणार नाही. मागू नका. भिंतीला टेकून बसा आणि जुन्या मुलांची तालीम बघा. बघताना बोलणाऱ्याकडे बघण्यापेक्षा न बोलणाऱ्याकडे बघा. समोरचा वाक्य बोलत असताना दुसरा नट काय करतो? आपल्या वाक्याची वाट बघत उभा असतो, की खरंच ऐकत असतो? हा फरक दिसायला लागला की अर्धं शिक्षण झालं.

ऐकण्याचा सराव

जुलैपासून खेळ सुरू होतात. त्यातला माझा सगळ्यात आवडता खेळ साधा आहे. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकाने एक वाक्य बोलायचं, दुसऱ्याने त्यातला शेवटचा शब्द उचलून आपलं वाक्य सुरू करायचं. गोष्ट पुढे गेली पाहिजे. तोंड दिसत नाही, त्यामुळे कानावरच विसंबावं लागतं. नवीन मुलं पहिल्यांदा हमखास अडकतात, कारण समोरचा बोलत असताना ती आपलं वाक्य मनात जुळवत असतात. चार दिवसांत सवय सुटते. हा खेळ घरी भावंडांबरोबर, एसटीत मैत्रिणीबरोबरही खेळता येतो.

जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्यावर पाऊस असा वाजतो की हाताच्या अंतरावरचं ऐकू येत नाही. नवीन मुलं मग ओरडायला लागतात आणि तिसऱ्या दिवशी घसा बसतो. ओरडू नका. तीन गोष्टी करा. पोटात श्वास भरून घ्या आणि वाक्य त्या श्वासावर संपवा. व्यंजनं स्पष्ट टाका, कारण गोंगाटात आधी तीच बुडतात आणि शब्दाची ओळख त्यांच्यावर टिकते. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. वाक्याचा शेवट सोडू नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटी येतो. "मी तुझ्याबरोबर येणार नाही" या वाक्यात शेवटी आवाज पडला तर मागच्या रांगेला "मी येणार" एवढंच ऐकू जातं आणि नाटकाचा अर्थच उलटतो. पहिल्या वर्षी तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा काय ऐकावं लागेल, तर "शेवट, शेवट!" एवढंच.

घसा बसलाच तर कोमट पाणी प्या आणि दोन दिवस गप्प राहा. कुजबुजून बोलू नका, त्याने घशावर ताणच येतो.

बोलीविषयी

हे मी सविस्तर लिहिते, कारण यात माझ्याकडून चूक झाली आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलीचं वाचन चालू असताना मी तिला दर वाक्याला थांबवलं. तिच्या बोलण्याला मालवणी हेल होता आणि पात्र शहरातलं होतं. मी उच्चार सुधारत गेले. चौथ्या दिवशी ती आली नाही. पाचव्या दिवशी शिपाई मामांनी सांगितलं की ती मधल्या सुट्टीत विहिरीच्या कठड्याशी बसते आणि कुणाशी बोलत नाही. मी जाऊन तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, हाच प्रवेश तुझ्या आजीला सांगायचा असेल तर कसा सांगशील? ती मालवणीत सांगायला लागली. राग, लाज, हट्ट, जे आठवडाभर येत नव्हतं ते सगळं एका दमात आलं.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. कुठलाही प्रवेश आधी घरच्या बोलीत बोलायचा. मालवणी, संगमेश्वरी, आगरी, दालदी, घरात जे बोलता ते. अर्थ अंगात मुरला की मग संहितेची भाषा उचलायची. पात्र गावातलं असेल तर हेल राहू द्यायचा. शहरातलं असेल तर बदलायचा, पण तो पात्रासाठी बदलायचा, लाजेपोटी नव्हे. आणखी एक सांगते. बोली म्हणजे विनोदासाठी ठेवलेली भाषा, असं धरून चालू नका. आमच्या मुलांनी मालवणीत एक मरणाचा प्रसंग केला होता, तेव्हा सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. कुणाच्याही बोलण्याची नक्कल करून खोलीत हशा पिकवला तर त्या दिवशीची तालीम तिथेच थांबते.

जत्रेला जा

दिवाळी झाली की गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे दशावतार, म्हणजे रात्रभर चालणारं इथलं लोकनाट्य, उभा राहतो. नाटक शिकणाऱ्याने हंगामात निदान दोन नाटकं पहाटेपर्यंत बसून बघावीत. घरच्या मोठ्या माणसांबरोबर जा, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल अशी रात्र निवडा, चादर न्या.

काय बघायचं ते सांगते. पहिला भाग आड दशावतार. त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, मग संकासुर. वेद पळवणारा हा काळा राक्षस मालवणीत बोलतो, प्रेक्षकांशी थेट बोलतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. पुढे उत्तर दशावतार, म्हणजे त्या रात्रीचं आख्यान. या आख्यानाला लिहिलेली संहिता नसते. कथा आणि प्रसंगांचा क्रम रंगपटात, म्हणजे नट रंगतात त्या जागी, ठरतो, संवाद नट उभ्या उभ्या रचतात. म्हणजे समोरचा काय म्हणेल हे कुणालाच माहीत नसतं, ऐकल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. तुम्ही पाठीला पाठ लावून जो खेळ खेळता तोच खेळ ही माणसं मुकुट घालून पहाटेपर्यंत खेळतात.

बाकड्याकडेही लक्ष द्या. रंगमंचावर मांडलेलं ते एक साधं लाकडी बाकडं. राजा बसला की सिंहासन, देव चढला की कैलास. त्याला काही रंगवलेलं नसतं, नट ज्या नजरेने बघतो त्याने ते बदलतं. पेटी आणि मृदंग वाजवणारे नटाकडे कसं टक लावून असतात, एन्ट्रीला मृदंगाची थाप कधी पडते, तेही टिपा. शक्य झाल्यास आधी विचारून रंगपटात जा. प्रत्येक नट आपला चेहरा आपण रंगवतो. स्त्री पार्ट करणारा पुरुष नट नऊवारी नेसून उठतो तेव्हा त्याची चाल कुठल्या क्षणी बदलते ते बघा. तिथे मोबाइल बाहेर काढू नका. तो त्यांचा तयारीचा वेळ असतो.

रत्नागिरीकडच्या मुलांना हेच नमन-खेळ्यांत आणि जाखडीत, म्हणजे तिकडच्या लोकनाट्यात आणि लोकनृत्यात, मिळेल. आणि कुडाळजवळच्या पिंगुळीला एकदा तरी जाच. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. चित्रकथीत एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली कथा सांगतात, एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. आमची मुलं नवीन नाटक बसवताना आधी त्याची अशी पोथी काढतात. दहा कागद, दहा चित्रं, प्रत्येकात फक्त कोण कुठे उभं आहे ते. चित्रकलेच्या वर्गातली जी मुलं स्टेजवर यायला घाबरतात ती या दाराने आत येतात.

बंदिस्त रंगमंच बघायचा तर मालवणला मामा वरेरकर नाट्यगृह आहे. चिपळूणला १८८३ साली जन्मलेल्या नाटककाराचं ते नाव. कणकवलीचं आचरेकर प्रतिष्ठान आणि कुडाळचं बाबा वर्दम थिएटर्स या संस्थांचे कार्यक्रम असले की आम्ही मुलांना नेतो. ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन बहुतेक वेळा दिवाळीच्या सुट्टीत किंवा तिच्या आसपास येतो. शाळा बंद असेल तर उघडल्यावर पहिल्या दिवशी नटराजाला फूल वाहून विष्णुदास भाव्यांची आठवण काढतो. १८४३ साली सांगलीत त्यांनी केलेल्या प्रयोगापासून मराठी रंगभूमीची मोजणी होते.

पार्ट मिळाला, किंवा नाही मिळाला

शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या नाटकाचं वाचन गणपतीच्या सुट्टीनंतर होतं. गणपतीत तालीम ठेवायची नाही, भजनाला आणि आरतीला मुलं गावी हवीत. वाचनाला सगळे गोल बसतात आणि प्रत्येक जण प्रत्येक पात्र थोडं थोडं वाचतो. नावं आठवड्याने लागतात.

पार्ट मिळाला असेल तर आपली नक्कल, म्हणजे आपल्या पार्टाचा लिहिलेला उतारा, स्वतःच्या हाताने उतरवून काढा. फक्त आपली वाक्यं नकोत, समोरच्याचीही पूर्ण लिहा. केवळ शेवटचे दोन शब्द लिहून घेतले की कान त्या दोन शब्दांचीच वाट बघतो. पाठांतर चालता चालता करा. भात झोडताना, म्हशीमागे, बांधावरून शाळेत येताना पाठ झालेली वाक्यं स्टेजवर अंगातून निघतात, बाकावर बसून घोकलेली चिकटतात.

पार्ट मिळाला नसेल तर घरी जाऊन रडा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र या. मी पहिल्या वर्षीच्या मुलांना बहुतेक वेळा प्रॉम्प्टिंग, प्रॉपर्टी (नाटकात लागणाऱ्या वस्तू सांभाळणं) किंवा पडदा देते आणि त्यात प्रॉम्प्टिंग मी सगळ्यात मानाचं समजते. विंगेत, म्हणजे स्टेजच्या बाजूच्या आडोशाला, संहिता धरून उभं राहायचं, नटाच्या श्वासाबरोबर आपला श्वास ठेवायचा. नट थांबला की लगेच शब्द फेकायचा नाही, तो पॉज असू शकतो. त्याचे डोळे बघा. पॉजमध्ये नट समोरच्याकडे बघत असतो, विसरला की नजर वर नाहीतर विंगेकडे जाते. तेव्हा वाक्याचा पहिला शब्द द्यायचा, फक्त पहिला, हळू आणि स्पष्ट. पूर्ण वाक्य दिलं तर दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळतं. तालमीत कुठे कोण अडतो त्या जागी पेन्सिलीने टिंब करून ठेवा. संमेलनाच्या दिवसापर्यंत अख्खं नाटक प्रॉम्प्टरला पाठ असतं, आणि आजारी पडलेल्या मुलाच्या जागी ऐन वेळी उभा राहतो तोही प्रॉम्प्टरच.

प्रॉपर्टीवाल्याने दोन याद्या कराव्यात, डाव्या विंगेची आणि उजव्या विंगेची. वस्तू टेबलावर ठेवून तिच्याभोवती खडूने रेघ मारा. रेघेच्या आत काही नसेल तर काय हरवलं ते लगेच कळतं.

छापील नाटक करणार असाल तर लेखकाची परवानगी आधी मागा, मानधनाचं विचारा. शासनाच्या बालनाट्य स्पर्धेसारख्या ठिकाणी उतरायचं तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि ते यायला वेळ लागतो. म्हणून ही कामं पावसाळ्यातच उरकायची. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात. त्यासाठी कुठल्या परीक्षा आणि कुठली प्रमाणपत्रं धरतात हे आठवीतच कार्यालयात विचारून ठेवा. गुणांसाठी म्हणून मात्र इथे येऊ नका, रोजची झाडलोट आणि तालमी त्यावर निभत नाहीत.

नेपथ्य, कपडे, रंग

नेपथ्याला विकत काही आणायचं नाही हे आम्ही ठरवून टाकलं आहे. बांबू गावातून येतो, बांधायला काथ्याची दोरी, भिंतीसाठी लाकडी रिपांच्या चौकटीवर ताणलेला मांजरपाट, त्यावर चुना आणि गेरू. झावळ्या विणून कुडाची झोपडी होते आणि ती विणायला कुणाची तरी आजी आनंदाने येते. तिचं बघून मुलं शिकतात. वाळलेल्या झावळीजवळ खरी पणती कधीही लावू नका, हॅलोजनही हातभर लांब ठेवा, आणि विंगेत वाळूच्या दोन बादल्या भरून ठेवा. वायरिंगला फक्त वायरमन काका हात लावतात. मुलांनी नाही, मीही नाही.

दमट हवेत कपड्यांना बुरशी धरते. घराघरांतून मागून आणलेल्या साड्या आणि धोतरं महिनाभर आधी उन्हात घाला. पदराच्या आतल्या बाजूला मालकिणीच्या नावाची चिठ्ठी टाचा. पेटी कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा, ओल लागली की सूर दबतात.

रंग लावण्याआधी एक दिवस मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, खाज सुटली तर तो रंग नको. काजळाची कांडी एकमेकांची वापरू नका. उतरवताना आधी खोबरेल तेल, मग मऊ कापड, साबण सगळ्यात शेवटी.

घर, डबा, अभ्यास

तालमीत कुणी एकटं जेवत नाही. डबे मध्ये ठेवायचे. कुणाच्या डब्यात घावणे, कुणाच्या डब्यात काल रात्रीची उसळ, एखाद्याकडे काहीच नसतं, आणि कोणाकडे काही नव्हतं हे मध्ये ठेवल्यावर कळत नाही. सोमवारी किंवा श्रावणात कोण मासे खात नाही ते लक्षात ठेवून तसे डबे बाजूला मांडायचे. वर्गणी काढत नाही. कुणाकडे पैसे नाहीत म्हणून पार्ट सुटला, असं एकदाही होऊ दिलेलं नाही.

परतताना त्याच वाटेची मुलं एकत्र निघतात. शेवटच्या थांब्याला उतरणाऱ्या मुलीबरोबर मोठी ताई असते किंवा घरचं माणूस न्यायला येतं, आणि पोचल्याचा फोन मला येतो. नवीन मुलांच्या आईवडिलांना सप्टेंबरात एका तालमीला बोलावते. बाबा दाराशीच उभे राहतात, आई आत येऊन बसते, आणि बघून गेल्यावर प्रश्न कमी होतात. सहामाही परीक्षेच्या आधी दोन आठवडे खोलीला कुलूप असतं. दहावीची मुलं संमेलनानंतर येत नाहीत. आली तर मीच परत पाठवते.

प्रयोगाचा दिवस

रंगीत तालीम आदल्या दिवशी, कपडे, दिवे, आवाज सगळ्यासकट, कुठेही न थांबता. चूक झाली तरी पुढे जायचं. वीज जाईल असं धरूनच चाला. बॅटरीचे दोन दिवे दोन्ही विंगांत भरून ठेवलेले असावेत. एका संमेलनाला दिवे गेले तेव्हा स्टेजवरच्या दोन मुली थांबल्या नाहीत. काळोखात बोलत राहिल्या, प्रेक्षकही ऐकत राहिले, आणि दिवे आले तेव्हा दोघी नेमक्या जागी उभ्या होत्या. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणून पहिली घंटा वेळेवर. कार्यक्रमपत्रिकेत भाषणं कमी ठेवायला सरांना आधीच सांगा.

तिसऱ्या घंटेआधी सगळे पडद्यामागे गोल उभे राहतात. नारळ ठेवून शिपाई मामा गाऱ्हाणं घालतात. जो पहिल्यांदाच उभा राहतो आहे त्याला धीर दे, ज्याची आई येऊ शकली नाही तिला तिथे ऐकू जाऊ दे, पडदा अडकू नये, पाऊस येऊ नये. प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. नवीन मुलांनी मोठ्याने म्हणा. पोटातली थरथर तिथे आवाजात निघून जाते.

दुसऱ्या दिवशी

सकाळी नऊला सगळ्यांनी यायचं, मुख्य पार्ट करणाऱ्यांनी आधी. साड्या घडी घालून, चिठ्ठी काढून, ज्या घरची त्या घरी स्वतः नेऊन द्यायच्या आणि दारात उभं राहून प्रयोगाचं सांगायचं. बाकडं देवळातलं असेल तर पुसून परत ठेवा. काथ्याच्या दोऱ्या सोडवून गुंडाळा, बांबू आढ्याला टांगा. मग दारामागच्या तक्त्यातला कागद काढायचा आणि नवा लावायचा. तो तुमच्या हाताने लिहायचा, कारण येत्या जूनमध्ये दारात उभ्या राहिलेल्या मुलाला झाडूची जागा तुम्हीच दाखवणार आहात.